बीसी गणकाची आरंभपत्रिका

आमच्या शाळेतील संगणकांवर लिनक्स ही प्रणाली आहे, व तिजबरोबर बीसी या नावाचा एक लहानसा गणक येतो. त्यास ना चित्रे, ना खिडक्या, ना दाबावयाची बटणे. टर्मिनलच्या पडद्यावर बीसी ही दोन रोमन अक्षरे लिहावी, एन्टर दाबावे, आणि मग एका ओळीत प्रश्न लिहावा की खालच्या ओळीत उत्तर उमटते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रॉबर्ट मॉरिस व लोरिंडा चेरी या दोघांनी तो 1975 च्या सुमारास रचला. आज आपण वापरतो ती बहुधा फिलिप नेल्सन यांनी 1991 मध्ये नव्याने लिहिलेली ग्नू आवृत्ती होय. तो दिसावयास ओबडधोबड खरा. तथापि शंभर अंकी संख्यांचा गुणाकार सांगितला तरी तो एकही अंक गाळीत नाही, आणि हे काम खिशातील साध्या गणकयंत्राच्या आवाक्यातले नाही.

प्रथम भेटीत मात्र तो विद्यार्थ्यास गोंधळात टाकतो. दहास तीनांनी भागावयास सांगितले, तर तो नुसते 3 असे उत्तर देतो. ही त्याची चूक नव्हे. दशांशचिन्हापुढे किती स्थळे ठेवावयाची हे तो ‘स्केल’ नावाच्या एका राशीवरून ठरवितो, आणि ती राशी आरंभी शून्य असते. आपल्या बुरोंडीच्या बंदरावरचे उदाहरण घेऊ. एका होडीच्या मासळीचे, खर्च वजा जाता, 10000 रुपये उरले व ते सात जणांत समान वाटावयाचे आहेत असे समजा. स्केल शून्य असता बीसी प्रत्येकास 1428 रुपये देईल. सातही वाटे मिळून 9996 होतात व चार रुपये कोणाच्याच पदरी पडत नाहीत. स्केल दोन केले की वाटा 1428.57 होतो व अवघा एक पैसा शिल्लक राहतो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. बीसी उरलेले अंक छाटून टाकतो, जवळच्या अंकापर्यंत पूर्ण करीत नाही. दोनास तिनांनी भागून दोन स्थळे मागितली तर .66 येईल, .67 नव्हे, आणि चिन्हापूर्वीचे शून्यही तो लिहीत नाही.

आता प्रत्येक वेळी गणक उघडून स्केल ठरविणे कंटाळवाणे होते. होडी समुद्रात लोटण्यापूर्वी बर्फ, डिझेल व जाळी भरून ठेवितात, तशी ही तयारी अगोदरच करून ठेविता येते. आपणांस हव्या त्या सूचना एका फाइलीत लिहाव्या. हिला आम्ही आरंभपत्रिका म्हणतो. ती कोठे आहे हे गणकास कळविण्याकरिता बीसी-एन्व्ह-आर्ग्ज नावाची एक परिसर-राशी असते. (हे नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहावे व आम्ही जोडरेघ दिली आहे तेथे अधोरेघ द्यावी.) तीत पत्रिकेचा पूर्ण मार्ग लिहावा, मार्गातील नावांत मोकळी जागा ठेवू नये, कारण मोकळी जागा दिसताच बीसी त्या नावाचे दोन तुकडे करतो. हे वाक्य बॅशच्या स्वतःच्या आरंभफाइलीत, म्हणजे घरच्या कप्प्यातील डॉट-बॅशआरसी हिच्यात, ‘एक्सपोर्ट’ शब्दासह घातले की ते कायम होते. त्यानंतर बीसी केव्हाही सुरू करा. तो आधी पत्रिका वाचतो आणि मग तुमची फाइल अगर तुमचा प्रश्न. त्याच राशीत उणे-क्यू ही खूण घातल्यास प्रत्येक वेळी येणारा स्वागताचा व हक्कांचा मजकूर बंद होतो. उणे-एल ही खूण घातल्यास ज्या, कोज्या, लॉगरिदम इत्यादी फलने मिळतात व स्केल एकदम वीस होते.

इतके सर्व आम्हांस ठाऊक होते, आणि म्हणूनच पुढील चूक आमच्या हातून घडली.

इयत्ता नववीच्या चक्रवाढ व्याजाच्या उदाहरणांकरिता आम्ही शाळेच्या संगणकांवर एक पत्रिका ठेविली व तीत स्केल चार केले. मुलांस त्यासंबंधी काही सांगितले नाही. सांगण्याजोगे त्यात काही आहे असे वाटलेच नाही. पुढे विज्ञान प्रदर्शन आले. एका विद्यार्थिनीने कापरेकरांच्या अंकावर बीसीची रचना केली होती. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. त्यांचा जन्म 1905 साली डहाणूस झाला. फर्ग्युसन कॉलेजात असता 1927 मध्ये त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. आणि ते रँग्लर परांजपे तर आपल्या दापोली तालुक्यातील मुर्डीचे. कापरेकरांनी 1949 मध्ये दाखविले की, सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, व उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करा. फार तर सात पायऱ्यांत 6174 येते व पुढे तेच राहते. मुलीने त्यांचेच जन्मवर्ष निवडले होते. 1905 पासून 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या पायरीस 6174. सातही पायऱ्या लागाव्यात अशी संख्या तिने शोधून काढली होती, हे विशेष.

प्रदर्शनाच्या दिवशी पडद्यावर एकाखाली एक सात शून्ये उमटली. तिची आई बंदरावरील लिलाव आटोपून मुद्दाम आली होती. मुलगी म्हणाली, “सर, घरी बरोबर येत होतं.” आम्ही म्हणालो, “घरी नीट पाहिले नसशील. पुन्हा तपासून आण.” तिने वही मिटली. आईने आम्हांस नमस्कार केला व दोघी निघून गेल्या.

सायंकाळी खोली बंद करण्यापूर्वी आम्ही तिची रचना वाचली. तीत एकही दोष नव्हता. संख्येतील शेवटचा अंक काढावयाचा तर दहांनी भागून बाकी घ्यावी लागते. बीसी बाकी काढतो ती अशी: भागाकार करतो, त्यास भाजकाने गुणतो, व तो गुणाकार मूळ संख्येतून वजा करतो. स्केल शून्य असता 1905 चा भागाकार 190, त्याचे 1900, बाकी 5, हे योग्यच. परंतु स्केल चार असता भागाकार 190.5 येतो, त्याची दहापट पुन्हा 1905, आणि बाकी शून्य! पुढचे तिन्ही अंकही तसेच शून्य. चार शून्यांची मोठी संख्या शून्य, लहान संख्या शून्य, वजाबाकी शून्य. घरच्या संगणकावर पत्रिका नव्हती, म्हणून तेथे उत्तर बरोबर येत होते.

खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे. बीसी-एन्व्ह-आर्ग्ज या नावापुढे बरोबरचे चिन्ह करावे, पुढे काहीही न लिहिता एक मोकळी जागा सोडावी, आणि त्याच ओळीत बीसी व फाइलीचे नाव लिहावे. तेवढ्या एका खेपेस पत्रिका वाचली जात नाही. आम्ही तसे केले, आणि सातव्या ओळीत 6174 उभे राहिले.

पत्रिकेत काय असावे याविषयी आमचे मत त्या दिवसापासून बदलले. उणे-क्यू खुशाल असावी. तिने पडदा स्वच्छ राहतो, उत्तरास धक्का लागत नाही. आपण रचलेली उपयोगी फलनेही असावी. मात्र ती इतरांच्या फाइलींतून उतरून घेताना शेवटी ‘क्विट’ हा शब्द राहिलेला नाही ना हे पाहावे, नाहीतर बीसी उघडताक्षणीच मिटतो व विद्यार्थी यंत्र बिघडले असे समजतो. स्केलसारखी, उत्तरच बदलणारी गोष्ट मात्र पत्रिकेत नसावी. ती ज्या फाइलीस हवी तिच्याच पहिल्या ओळीत लिहावी. आणि फलनात बदलावी लागली तर जुनी किंमत जपून ठेवून शेवटी परत करावी.

व्याजाची उदाहरणे आता निराळ्या फाइलीत आहेत व स्केलची ओळ तिच्या माथ्यावर आहे. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही सर्व वर्गांसमोर चूक कोणाची होती ते सांगितले, व त्याच दुपारी बंदरावर जाऊन तिच्या आईसही सांगितले. मुलीने आपल्या रचनेच्या आरंभी ‘स्केल बरोबर शून्य’ ही ओळ घातली आहे. सध्या ती पाच अंकी संख्यांच्या मागे लागली आहे. तेथे एकच एक अंक हाती येत नाही, संख्या फेऱ्यांत फिरत राहतात. त्या फेऱ्या किती व कोणत्या, याची यादी ती करीत आहे.