बँड दिसला म्हणून हुरळू नकोस

पोरी, उद्यापासून तू मेंदूतल्या कॅल्शियम चॅनलच्या अँटिबॉडी हाताळणार. कंपनीचा कॅटलॉग तू वाचशीलच. त्यात जे लिहिलेलं नसतं तेवढं मी सांगते. अँटिबॉडी म्हणजे साक्षीदार. उलटतपासणी घेतल्याशिवाय तिच्या शब्दावर निकाल द्यायचा नाही.

बाटली मागवण्याआधी विचार, ही प्रथिनाच्या कुठल्या तुकड्यावर तयार केली आहे? कॅव्ह २.१ म्हणजे पी/क्यू चॅनल, कॅव्ह २.२ म्हणजे एन चॅनल, आणि दोघांचा बराचसा भाग सारखा. दुसऱ्या-तिसऱ्या डोमेनमधला आतला लूप आणि सी-टोक हे वेगळे, म्हणून तिथल्या अँटिबॉडी बऱ्या. पण कॅव्ह २.१ चं सी-टोक स्प्लाइसिंगने बदलतं. एससीए-६ या अटॅक्सियाला कारण ठरणारी सीएजी पुनरावृत्तीसुद्धा काही रूपांतच प्रथिनापर्यंत पोचते. एकच अँटिबॉडी वापरलीस तर काही रूपं तुझ्या नजरेतून सुटतील.

जिवंत पेशींवर रंगवायचं असेल तर पडद्याबाहेरच्या भागावर बांधणारीच घे. आतल्या लूपची अँटिबॉडी जिवंत पेशीच्या आत शिरत नाही. अशा पेशीत ती चमकली तर पेशी फुटली आहे, असं समज.

वेस्टर्न ब्लॉटला नमुना ९५ अंशांवर उकळू नकोस. चॅनलचा मुख्य अल्फा-१ उपघटक पडद्यातून २४ वेळा आरपार जातो. उकळला की त्याच्या गुठळ्या होतात आणि तो जेलच्या वेलमध्येच अडकतो. ३७ अंशांवर थोडा वेळ ठेवलं तरी पुरतं. आकार २०० किलोडाल्टनच्या वर, म्हणून जेल ६ टक्क्यांच्या आसपास आणि ट्रान्सफर ओला, सावकाश, रात्रभर कोल्ड रूममध्ये. प्रोटिएझ इनहिबिटर विसरलीस तर लहान बँडची रांग उमटेल आणि तू त्यांना नवीन शोध समजशील.

अल्फा-२-डेल्टा उपघटकाला गॅबापेंटिन बांधतं. तो डीटीटी घालून आणि न घालता, दोन्ही तऱ्हांनी पळव. डीटीटीने डायसल्फाइड बंध तुटून डेल्टा सुटा होतो आणि बँड खाली सरकतो. तो सरकला नाही तर तू भलतंच प्रथिन बघते आहेस, अशी शंका घे.

अँटिबॉडी ज्या पेप्टाइडवर बनवली ते घालून सिग्नल गेला, यावर समाधान मानू नकोस. त्यातून एवढंच कळतं की अँटिबॉडी त्या पेप्टाइडला धरते. दुसऱ्या प्रथिनाला धरत असेल तर तोही सिग्नल जाईल. खरी कसोटी नॉकआउट उंदराच्या ऊतीची. कॅव्ह २.१ नसलेली पिल्लं तीन-चार आठवड्यांच्या वयात मरतात, तेव्हा ऊती त्याआधी मिळेल अशी आखणी कर. कॅव्ह २.२ ची नॉकआउट मात्र मोठी होतात. निव्वळ सेकंडरी अँटिबॉडीचा कंट्रोल रोज लाव, कंटाळा करू नकोस.

मेंदूच्या स्लाइसमध्ये आधी सेरेबेलम बघ. पर्किंजे पेशींत पी/क्यू भरपूर असतं. तिथेच दिसलं नाही तर कॉर्टेक्समधल्या ठिपक्यांवर विश्वास ठेवू नकोस. फॉर्माल्डिहाइड जास्त झालं तर सिनॅप्सच्या दाट जाळ्यात एपिटोप, म्हणजे अँटिबॉडी जिथे धरते तो भाग, झाकला जातो. फिक्सेशनची वेळ कमी कर किंवा अँटिजेन रिट्रीव्हल करून बघ.

कधी लॅम्बर्ट-ईटनच्या रुग्णाचं सीरम हाती येईल. या आजारात रुग्णाच्या स्वतःच्याच अँटिबॉडी पी/क्यू चॅनलवर हल्ला करतात, त्यामुळे स्नायूंना संदेश द्यायला ॲसिटिलकोलिन पुरेसं सुटत नाही. सुमारे निम्म्या रुग्णांच्या बाबतीत मागे फुफ्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर असतो. हे सीरम वेस्टर्नवर तपासून नकारात्मक म्हणू नकोस. ते नीट घडी पडलेल्या चॅनलला ओळखतं, जेलवर उलगडलेल्याला नाही. म्हणून शंखगोगलगायीच्या विषातला, किरणोत्सारी आयोडीन लावलेला कोनोटॉक्सिन एमव्हीआयआयसी वापरून मेंदूच्या अर्कातल्या चॅनलवर खूण करतात आणि सीरम त्यातलं किती धरतं ते मोजतात.

बाटली आली की लहान ॲलिकॉट कर. पुन्हापुन्हा गोठवू-वितळवू नकोस. एचआरपीच्या द्रावणात ॲझाइड घालू नकोस, एन्झाइम बंद पडतं. वहीत लॉट नंबर लिही, कारण पॉलिक्लोनलची पुढची लॉट वेगळीच वागू शकते.

आणि नॉकआउटमध्येही बँड उमटला, तर बाटली बाजूला ठेव आणि शेजारच्या लॅबलाही सांग. तिथेही कोणीतरी तीच मागवायच्या बेतात असेल.