सातवाहनांचं राज्य कोणत्या लढाईत बुडालं?

प्रश्न : पैठणला आमचं नेहमी जाणं होतं. ज्या सातवाहनांची ती राजधानी, त्यांचं एवढं मोठं साम्राज्य संपलं कसं? पानिपतासारखी एखादी लढाई झाली का?
– एक वाचक, कडा (ता. आष्टी, जि. बीड)

उत्तर : अशी लढाई सापडत नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात हे राज्य विस्कटलं आणि त्याचे तुकडे त्याच्याच सरदारांनी व शेजाऱ्यांनी वाटून घेतले.

लढाया झाल्या, पण त्या आधीच्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने शकांच्या क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारून घेतला होता. हा वैभवाचा काळ. पण याच राजाचा नाशिकच्या पांडवलेण्यातला एक लेख वाचला की त्या विजयाची दुसरी बाजू दिसते. राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने भिक्षूंना ककडी गावची दोनशे निवर्तनं जमीन दिली होती. सहा वर्षांनी राजा आणि त्याची आई पुन्हा कळवतात की ते शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, म्हणून आता नगराच्या शिवेवरच्या राजकीय जमिनीतली शंभर निवर्तनं द्यावीत. गाव का उठलं हे लेखात नाही. पण शक-सातवाहनांच्या लढाया याच मुलखात झाल्या होत्या. या जमिनीत सरकारी माणसाने पाऊल टाकायचं नाही, मिठासाठी ती खणायची नाही, अशा सवलतीही त्यात आहेत. अशा प्रत्येक दानाबरोबर त्या जमिनीवरचा राजाचा हक्क सुटत होता. माझ्या मते ऱ्हासाची पहिली खूण इथे, ऐन भरभराटीतच आहे.

पुढे शकांनी उचल खाल्ली. शक राजा रुद्रदामनाचा इ.स. 150 चा गिरनारचा लेख सांगतो की त्याने दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं आणि जवळचा नातलग म्हणून सोडून दिलं. व्यापाराची ओढाताण तर त्याआधीपासूनच चालू होती. एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याचं येतं. कल्याण बंदराकडे चुकून आलेली जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असंही तो लिहितो. देशावरचा माल ज्या बंदरातून जायचा, ते शत्रूच्या ताब्यात होतं. यज्ञश्री सातकर्णीने दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा बरंच सावरलं. नाशिक, कान्हेरीपासून आंध्राच्या किनाऱ्यापर्यंत त्याचे लेख आहेत. पण त्याच्यानंतर तसा राजा झाला नाही.

खरं दुखणं राज्याच्या बांधणीतच होतं. आहार म्हणजे जिल्हा, त्यावर अमात्य. आणि शिवाय महारठी, महाभोज, महासेनापती अशी बलदंड घराणी. पूर्वी बळ्ळारी जिल्ह्यात असलेल्या, आता आंध्र प्रदेशात येणाऱ्या म्याकदोणीला पुळुमावी नावाच्या उत्तरकालीन राजाचा लेख आहे. एका गृहस्थाने गावासाठी तलाव खणला, एवढाच त्याचा विषय. मात्र त्यात जिल्हा महासेनापती स्कंदनागाचा आणि गाव कुमारदत्त नावाच्या गौल्मिकाचा, म्हणजे लष्करी अंमलदाराचा, असं सांगितलं आहे. राजाचं नाव काळ मोजण्यापुरतं उरलं होतं. अशा ठिकाणी नातवाच्या पिढीत सेनापतीचं घराणंच राजा होतं, त्याला लढाई लागत नाही. पूर्वेला इक्ष्वाकू, वनवासीला चुटू, नाशिककडे आभीर असेच उभे राहिले, आणि विदर्भात पुढे वाकाटक आले. 1939 मध्ये वऱ्हाडात तऱ्हाळ्याला सापडलेल्या नाण्यांच्या ठेव्यात तर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे पुराणांच्या याद्यांत नसलेले राजे निघाले. घराण्याच्या शाखाही वेगळ्या झाल्या असाव्यात.

लोकांचं काय झालं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत, म्हणजे कारागिरांच्या संघात, दोन हजार कार्षापणं (नाणी) ठेवली होती, शेकडा दरमहा एक व्याजाने. त्यातून भिक्षूंना वस्त्रं मिळायची. मग सातवाहन आले आणि गेले. त्यांच्यानंतर आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी त्याच डोंगरावर पुन्हा एक लेख कोरला गेला : आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे, तेली यांच्या श्रेणींत कायमची ठेव. राजवटी बदलल्या, तरी पैसा कुंभार-तेल्यांच्या हाती सुरक्षित राहील हा विश्वास टिकून होता.

पैठणबरोबर तेरलाही जा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या मातीच्या मूर्ती आणि मणी आहेत. नाशिकला गेलात तर ककडीच्या ओसाड शेताचा लेख तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत, छताखाली वरच्या बाजूला पाहा. दुपारपूर्वी जा, उजेड असला तर अक्षरं स्पष्ट दिसतात.