माझा डबा, तुझा रूळ

काड्यापेट्यांची आगगाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी केली असेल. खोकी दोऱ्याने ओवायची, बटणांची चाके लावायची आणि पडवीभर ओढत हिंडायचे. हाच खेळ मोठी माणसेही खेळतात बरं का! फक्त त्यांची गाडी खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल असते. ती विजेवर धावते आणि मापात बसवलेली असते.

हे माप कसले? 'एच ओ' नावाचे एक माप पुष्कळ चालते. ते १ ला ८७ असे आहे. म्हणजे खरी वस्तू ८७ सेंटीमीटर, तर नक्कल १ सेंटीमीटर. आपल्याकडच्या जुन्या निळ्या डब्याची लांबी सुमारे २१ मीटर ३४ सेंटीमीटर. तिला ८७ ने भागा. साडेचोवीस सेंटीमीटर येतात, म्हणजे डबा तुमच्या फूटपट्टीहून लहान! दीड मीटर उंचीचा मुलगा त्या गाडीत बसवायचा, तर तो केवढा करावा लागेल? करा पाहू गणित.

अमेरिकेत हा छंद वाढू लागला तेव्हा एक घोटाळा होता. जो तो कारखानदार आपल्या मनाने चाके नि रूळ बनवी. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर घातला की घसरलाच! मग १९३५ साली मिलवॉकी शहरात छांदिष्ट लोक जमले आणि त्यांनी आपली संस्था काढली. चाके कशी असावीत, रुळांत अंतर किती असावे, हे संस्थेने ठरवून दिले. 'एच ओ'च्या दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर. हे तपासायला खाचा पाडलेली पत्र्याची एक छोटी पट्टी मिळते. आमच्या मते इंजिनापेक्षा या पट्टीची किंमत जास्त! माप एक असले, की आपला डबा खिशात घालून दुसऱ्याच्या घरी जाता येते. तिथे गाडी चालवता चालवता त्याने डोंगर कसा केला, पूल कसा बांधला, हे डोळ्यांनी दिसते. नुसत्या वाचनाने ते हाताला कळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार राहत. त्यांनी घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले होते. जागा मोठी भासावी म्हणून मधे आरसे बसवले. डबे नवे कोरे न ठेवता त्यांवर धूळ, गंज, काजळी रंगवली. एका जागी तर इंजिनाऐवजी चक्क डायनासोर डबे ढकलायचा! मित्र जमत आणि वेळापत्रक लावून गाड्या चालवीत. ॲलन आपल्या युक्त्या मासिकांत लिहीत, फोटो देत. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि थोड्याच दिवसांत आग लागून त्या रेल्वेचा बहुतेक भाग जळाला. कितीतरी वर्षांचे काम! पण गंज रंगवण्याची त्यांची तऱ्हा तोवर कितीतरी लोकांच्या हातात गेली होती. लिन वेस्टकॉट नावाच्या संपादकांनी त्यांच्या कामावर पुस्तक केले, ते १९८१ साली निघाले.

डोंगराची एक सोपी युक्ती या वेस्टकॉट यांचीच. रद्दी कागदाचे बोळे रचायचे, वर प्लॅस्टरमध्ये भिजवलेले कागद पसरायचे. वाळले की टणक कवच तयार. मग आतली रद्दी काढली तरी चालते.

पुण्याला गेलात तर कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर पाहा. ते १९९८ साली सुरू झाले.

आता वर्गात करायचे काम. प्रत्येकाने ३० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद पुठ्ठा घ्यावा. दोन्ही आखूड कडांवर बरोबर मध्ये रुळाच्या दोन खुणा कराव्यात, अंतर साडेसोळा मिलिमीटर. मधे रूळ कसाही वळवा, बोगदा करा, ओढा काढा, पण कडेशी तो सरळच आला पाहिजे. शनिवारी सगळे पुठ्ठे ओळीने लावू. ज्याचा सांधा नीट बसेल, त्याच्या शेजारी बसून त्याने खूण कशी धरली ते विचारून घ्या.