उगवण तपासलेलं बियाणं

नांदेड,
नोव्हेंबर २०२५

चि. भाचीबाईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, बॅकअपला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?" ते सांगणं सोपं होतं. पण पुढं सहज बोलून गेलीस, की दुकानदार म्हणतो विंडोज १० चे दिवस भरले, फॉरमॅट मारून ११ टाकून देतो, तुमचा सगळा डेटा डी ड्राइव्हवर हलवतो, 'डी'ला काही होत नसतं. ते ऐकून मी तुला "थांब, काहीच करू नको" असं ओरडूनच सांगितलं. राग आला असेल. ओरडण्याचं कारण आता सावकाश लिहितो. फोनवरचं विसरायला होतं, कागद राहतो.

विंडोज बदलायला माझी हरकत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं १० चा नेहमीचा आधार थांबवला, हे खरंच आहे. हरकत आहे ती 'डी'वरच्या भरवशाला. सी आणि डी ही बहुधा एकाच हार्ड डिस्कची दोन नावं असतात. वाड्यात मधे भिंत घातली म्हणून वाडे दोन होत नाहीत. फॉरमॅटमध्ये 'सी' पुसला गेला तरी 'डी' राहतो, एवढंच दुकानदाराचं म्हणणं खरं. तेही त्याचा हात नेमक्या ओळीवर पडला तर. डिस्कच बसली की दोन्ही खोल्या एकदम जातात. प्रबंधासाठी किल्लारीच्या भूकंपग्रस्त लोकांशी वर्षभर बोलत बसलेल्या मुलीला हे मी काय समजावून सांगू? ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ज्यांची घरं पडली त्यांचे सातबारे, रेशनकार्डं, लग्नाचे फोटो सगळं त्याच घराखाली गेलं. पेटी कितीही मजबूत असली तरी ती त्याच घरात होती.

'डी'चा हा धडा मी स्वतःच्या पैशानं शिकलोय. तुला आजीच्या ओव्या आठवतात का? नसतील. तू तीन-चार वर्षांची होतीस. जात्यावरच्या तिच्या ओव्या मी टेपरेकॉर्डरवर भरून घेतल्या होत्या, साठ मिनिटांच्या दोन कॅसेटी. पुढं वजिराबादेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा मोठ्या हौसेनं त्या त्यात उतरवल्या. सी वर एक प्रत, डी वर एक, आणि वर एक सीडी. तीन प्रती झाल्या म्हटल्यावर कॅसेटी रिकाम्याच की! तुझ्या मामीनं त्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली, मीच भरून दिली. २००५ च्या उन्हाळ्यात डिस्क टकटक वाजायला लागली आणि दुसऱ्या दिवशी बंद पडली. सी गेला, डी गेला. सीडी काढली तर फायलींची नावं दिसत होती, फाइल मात्र उघडेना. डिस्क घेऊन हैदराबादला गेलो. आलं ते गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिकांचं अर्धंमुर्धं. ओव्या नाहीत. आई तोवर गेलेली होती.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या, हे तू मला शिकवायला हवंस. त्यात आपली आजी नाही. ती माझ्या दुकानात होती.

दोष कुणाला देऊ? मी सीडी केली, पण ती पुन्हा कधी लावून ऐकली नाही. तू सॉफ्टवेअरचं नाव विचारतेस, पण मला मुळात हीच गोष्ट सांगायची आहे. लातूरच्या माणसाला ती सोयाबीनवरून लवकर कळेल. घरचं बियाणं पोत्यात भरून ठेवलं म्हणजे बियाणं झालं, असं तुझे बाबा कधी मानत नाहीत. मृगाच्या आधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात, पाच-सहा दिवसांनी मोजतात. सत्तर उगवले तर पेरायचं, नाहीतर दुसरं बघायचं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून किती ओरड झाली, ते तू पाहिलंस. पोतं तर भरलेलं होतं. बॅकअपचंही तसंच. घेतला यात काही नाही, तो परत येतो का हे पाहिल्याशिवाय तो नुसतं भरलेलं पोतं आहे.

आता तुझ्या कॉम्प्युटरकडे वळू. त्यात तीन तऱ्हेच्या गोष्टी आहेत. सिनेमे आणि सॉफ्टवेअर पुन्हा मिळतील, ते सोडून दे. प्रबंध गेला तर रडशील, पण वर्षभरात पुन्हा लिहिशील. महानुभावांचंच बघ. लीळाचरित्राची मूळ प्रत सुलतानी धाडीत हरवली, मग शिष्यांनी आठवून आठवून ग्रंथ पुन्हा बांधला. पाठभेद झाले, पण ग्रंथ उभा राहिला. तिसरी गोष्ट म्हणजे किल्लारीच्या लोकांच्या त्या साठ तासांच्या मुलाखती. त्यांतले दोघं मुलाखतीनंतर वारले, असं तूच सांगितलंस. त्यांचा आवाज कोणत्या शिष्याला आठवून काढता येणार? सगळा खर्च आणि कष्ट आधी तिथं लाव.

साठ तासांचा हिशेब मी करून ठेवलाय. तुझा रेकॉर्डर वेव्ह फाइल करतो, म्हणजे मिनिटाला दहा एमबी धर. साठ तासांचे छत्तीस जीबी होतात. गूगल फुकट देतं ते पंधरा, तेही जीमेल आणि फोटो धरून. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर फुकट पाच. म्हणजे मूळ आवाज फुकटात वर जाणार नाही. त्याच मुलाखती १२८ च्या एमपीथ्रीत केल्या तर साडेतीन जीबीत बसतात, त्या चढव. त्या कामचलाऊ समज. अस्सल वेव्ह डिस्कवरच.

त्यासाठी एक-एक टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या घे, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोन्हीत यायला नको. फोनवर जाहिरात येते ना, पाचशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह, त्याच्या वाटेला जाऊ नको. आत सोळा-बत्तीस जीबीचा तुकडा असतो, वर खोटा आकडा लिहिलेला. फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते, उघडत नाही. आणि खरा पेनड्राइव्हसुद्धा ने-आण करायला ठीक, सांभाळायला नाही.

पहिल्या डिस्कला विंडोजमधलीच 'फाइल हिस्टरी' लाव. पैसे पडत नाहीत, ती तासातासाला बदललेल्या फायली उचलते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. प्रबंधाचं तिसरं प्रकरण चुकून पुसून वर सेव्ह केलंस, तर परवाचं प्रकरण तिच्याकडे मिळेल. तिची एक खोड ध्यानात ठेव. ती डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स, डेस्कटॉप असले ठरलेलेच फोल्डर घेते. 'डी'वर तू हातानं केलेल्या 'किल्लारी' फोल्डरकडे ती आपणहून ढुंकूनही बघत नाही. तो आधी डॉक्युमेंट्सच्या आत हलव.

पूर्ण मशीनची प्रत, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंगांसकट जशीच्या तशी, ठेवायची असेल तर 'वीम एजंट'ची फुकट आवृत्ती पुरे. तिच्यातून कॉम्प्युटर सुरू करायचा पेनड्राइव्हही बनवून घे, नाहीतर प्रत असून घरात शिरायला किल्ली नाही असं होईल. मी आधी मॅक्रियमची फुकट आवृत्ती सगळ्यांना सांगायचो. २०२४ च्या सुरुवातीला कंपनीनं तिचे अपडेट बंद केले. फुकट काय आणि विकत काय, सॉफ्टवेअर उद्या असेलच असं नाही, आणि त्यानं बांधलेली गाठोडी पुष्कळदा त्यालाच सोडता येतात. म्हणून मुलाखती कोणत्याही सॉफ्टवेअरच्या गाठोड्यात बांधू नको. दुसऱ्या डिस्कवर त्या साध्या फायली म्हणूनच उतरव, कोणत्याही कॉम्प्युटरला लावली की दिसाव्यात अशा. या कामाला 'फ्रीफाइलसिंक' चांगलं. फक्त त्यातला 'मिरर' समजून वापर. आरशासमोर जे नसेल ते तो तिकडूनही काढून टाकतो. तू इकडे मुलाखत पुसलीस की तिकडचीही गेली. गूगल ड्राइव्हचं तेच. तिकडे कचऱ्याच्या डब्यात तीस दिवस सापडते, मग नाही. दोन्हीकडे सारखं राखणं हे एक काम आणि जुनं जपणं हे दुसरं. पुष्कळ शिकलेली माणसंही यात गल्लत करतात.

काम झालं की डिस्क काढून ठेव. कायम लावून ठेवू नको. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरला, तसला व्हायरस फायलींना कुलूप लावून खंडणी मागतो, आणि कॉम्प्युटरला लावलेली डिस्क त्याच्या दृष्टीनं आणखी एक खोलीच. काढताना 'इजेक्ट' म्हणूनच काढ. आणि तुमच्याकडे पावसाळ्यात लाइट जसा ये-जा करतो, ते पाहता कॉपी चालू असताना यूपीएस नसेल तर सुरूच करू नको.

नवं विंडोज आलं की एक गोष्ट लगेच बघ. विंडोज ११ पुष्कळदा न विचारता डिस्कला आतून कुलूप घालतं, बिटलॉकरच्या जातीचं. त्याची ४८ आकडी किल्ली तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. ती वहीत उतरवून काढ. पुढं कधी मदरबोर्ड बदलला तर मशीन तीच मागेल.

आता फॉन्टचं. हे तुला कोणत्याच इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. तुझ्या सरांनी दिलेल्या जुन्या लेखांच्या फायली माझ्यासारख्याच कुणीतरी श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये टाइप केलेल्या आहेत. फाइल जशीच्या तशी शंभर वर्षं सांभाळलीस, पण तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. २०२३ साली आपल्याकडे जुन्या कुणबी नोंदींची शोधाशोध निघाली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, आठवतं? कागद होते, वाचणारा हवा होता. माझ्या कपाटातला पेजमेकरचा ढीग हीच आजची मोडी आहे. तेव्हा असल्या फायलींबरोबर त्यांचे फॉन्टही त्याच फोल्डरात ठेव, एक पीडीएफ काढ, आणि सवडीनं सगळं युनिकोडमध्ये आण. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपास. 'र्‍ह'चा हमखास बट्ट्याबोळ होतो.

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं यावर सोपा आकडा दिलाय, ३-२-१. प्रती तीन, साधनं दोन तऱ्हेची, आणि एक प्रत घराबाहेर. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे, फाइल हिस्टरीची डिस्क होईल, एमपीथ्री गूगलवर जातील, आणि साध्या फायलींची दुसरी डिस्क माझ्याकडे नांदेडला राहील. लातुरात भूकंपाची भीती आहे तशी इथं गोदावरीची आहेच. म्हणून मी ती वरच्या मजल्यावर ठेवीन. दोन्ही गावं एकाच दिवशी जातील इतकं नशीब आपलं खोटं नाही. मुलाखत देणाऱ्यांनी तुझ्यावर विश्वास टाकून घरचं दुःख सांगितलंय, म्हणून माझ्याकडच्या डिस्कला पासवर्ड घाल. तो मला सांगू नको. पण एका पाकिटात लिहून तुझ्या आईकडे ठेव.

आणि उगवण. दर तीन महिन्यांनी डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावायची, मनात येईल त्या तीन मुलाखती उघडायच्या आणि शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकायच्या. सुरुवात वाजते म्हणून बंद करू नको. अर्धवट उतरलेली फाइलही सुरुवातीला छान वाजते. दसऱ्याला आपण कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहून झेंडूचा हार घालतो, तेव्हा या कामाला तो दिवस एक धर, बाकीचे तू ठरव. वहीत तारीख लिही आणि कोणत्या तीन ऐकल्या तेही, म्हणजे दर वेळी त्याच त्या निघायला नकोत.

दुकानदाराला सांग, मामा येऊन गेल्यावर फॉरमॅट. मी येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, येतोच आहे. दोन्ही डिस्क तू विकत घेऊन ठेव, पैसे मी देतो, आणि येताना माझा जुना लॅपटॉप आणतो. सकाळी शेतात भज्जी-आंबील, दुपारी कॉपी लावू. संध्याकाळी वारलेल्या त्या दोघांच्या मुलाखती माझ्या लॅपटॉपवर तू-मी दोघं बसून पूर्ण ऐकू. आईला म्हणावं, तिळाची पोळी जरा जास्तच करायला.

तुझा,
मामा