मटण धुतलं, तरी जुलाब का?

ऊसतोड संपवून माणसं गावी परतली, की आमच्या बीड जिल्ह्यात जावळं, कंदुऱ्या, लग्नं सुरू होतात. पाठोपाठ दवाखान्यात जुलाब-उलट्यांची रांग. प्रत्येकाचं ठरलेलं उत्तर : "डॉक्टर, मटण हळद-मीठ लावून चार पाण्यानं धुतलं होतं."

तिथंच घोळ आहे. साल्मोनेलासारखे जंतू जनावराच्या आतड्यात असतात. कापताना आतड्याला सुरी लागली, की ते मांसावर येतात. मग तीच सुरी, तोच ओंडका, तीच बादली. डुकराच्या मटणाला नाक मुरडणाऱ्यांनो, बोकड आणि कोंबडीही यातून सुटलेली नाहीत. मे महिन्याच्या उन्हात पिशवीतून घरी येईस्तोवर काही जंतू 20 मिनिटांत दुप्पट होत असतात. हळद-मिठाच्या पाण्यानं ते जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. त्यांना मारते ती चूल.

गेल्या उन्हाळ्यात पाटोदा तालुक्यातून एक माळकरी आजोबा आणले. डोळे खोल गेलेले, पोटऱ्यांत गोळे. मटणाला शिवलेलेही नाहीत. कंदुरीत वरण-भाकरी आणि काकडीची कोशिंबीर खाल्लेली. सुनेला खोदून विचारलं. मटण धुतलेली परात नुसती विसळून तिच्यातच काकडी चिरली होती. रटरटा शिजलेलं मटण खाणारे मात्र ठणठणीत! पोर रडायला लागली. बाई, तुझा दोष नाही, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

राग आला तो आधीच्या दोन दिवसांचा. गावातल्या बिनपदवीच्या 'डॉक्टर'नं सलाईन लावलं, मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी आणली, मोबाईलमध्ये पाहून लिंबू-सोडा पाजला. ताप आणि शौचात रक्त असताना ती गोळी घातक ठरू शकते. मनानं घेऊ नका.

घाबरूही नका. बहुतेकांचं दुखणं काही दिवसांत आपोआप बरं होतं, अँटिबायोटिक लागत नाही. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात कालवा, घोट घोट द्या. ग्लासात अर्धी पुडी टाकायची नाही.

पण शौचात रक्त, 102 च्या वर ताप, सहा-आठ तास लघवी नाही, पाणीही ठरत नाही, मूल मलूल पडलंय, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा. तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल तर तेवढीही वाट बघू नका.

आजोबा चौथ्या दिवशी घरी गेले. सुनेनं दारातून विचारलं, "मग मटण धुवायचंच नाही?" नाही. काकडी-कांदा आधी चिरून झाकून ठेव. मटण थेट पातेल्यात टाक आणि लगेच हात, सुरी, परात साबणानं घास.