सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. करोनाकाळात शाळा बंद असता अभ्यासासाठी म्हणून हाती आलेला मोबाईल, शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेने ठरविले की, सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजावा आणि ८॥ पर्यंत घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद राहावेत. आशा सेविका, अंगणवाडी सेविका व सेवानिवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन पालकांची समजूत घातली.

येथे बंदी केवळ मुलांपुरती नव्हती, हे विशेष होय. सातवी-आठवीतील मुलाला वडिलांचे वागणे नेमके दिसते. स्वतः मालिका पाहत बसलेल्या पित्याने मोबाईल हिसकावला, तर मुलगा तो पांघरुणात लपवून पाहू लागतो. यास्तव वेळ ठरविताना मुलाचेही मत घ्यावे. नुसता संकेतशब्द बदलून फार तर चार दिवस निभावते.

शिक्षकांकडेही यातील काही दोष येतो. गृहपाठच सायंकाळी व्हॉट्सॲपवर धाडला, तर पालकाने मोबाईल कोणत्या तोंडाने मागावा? शाळा सुटण्यापूर्वी तो फळ्यावर लिहावा व मुलांकडून वहीत उतरवून घ्यावा.