चूक कोणत्या शेडला आहे, ते आधी बघा

इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगाची लॅब सांभाळताना एक वाक्य वरचेवर कानावर येते : "मशीन चुकीचं दाखवतंय." पार्टी म्हणते शेड डार्क आहे, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर डेल्टा ई, म्हणजे रंगफरकाचा आकडा, ०.६ दाखवून लॉट पास करतो. मग घाईघाईत रेसिपीत रंग थोडा वाढवला किंवा घटवला जातो. या सवयीला माझा ठाम विरोध आहे. यंत्राची चूक रेसिपीत भरून काढायची नसते. प्रत्येक प्रकारची चूक ठरावीक शेडमध्येच उठून दिसते, आणि ती शेड कोणती हे कळले की चुकीचे मूळही सापडते. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना मी जे सांगते, ते असे.

१. यंत्राच्या आधी कापड तपासा.
इस्त्रीखालून काढलेला गरम तुकडा लगेच यंत्राला लावू नका. काही रंग, विशेषतः लाल छटांचे, गरम असताना वेगळा टोन दाखवतात आणि थंड झाल्यावर मूळ पदावर येतात. ओलाव्याचेही तसेच. सुती कापड हवेतला ओलावा धरून ठेवते आणि ओलसर कापड गडद दिसते. उष्ण प्रदेशांसाठी २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता हे प्रमाण हवामान मानले जाते. तशी खोली प्रत्येकाकडे नसते. निदान मूळ नमुना आणि लॉटचा तुकडा एकाच जागी, सारखाच वेळ पसरून ठेवा. पावसाळ्यात तर हा नियम मोडूच नका.

२. पदर, दिशा आणि जागा ठरवून घ्या.
पातळ पॉपलिनमधून प्रकाश आरपार जातो आणि मागचा रंगही रीडिंगमध्ये मिसळतो. म्हणून कापडाची चार पदरी घडी घालावी. तरीही आरपार दिसत असेल, तर नमुना आणि लॉट दोन्हींच्या मागे एकच पांढरी पाटी ठेवावी. मात्र घडी इतकी जाड नको की कापड फुगून यंत्राच्या खिडकीतून आत शिरेल. टॉवेलमध्ये लूप कोणत्या बाजूला झुकले आहेत त्यावर शेड बदलते, म्हणून तुकडा दर वेळी पाव फेरा फिरवून चार जागी मोजावा. सरासरी काढण्याआधी ती चार रीडिंग शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यांच्यातच अर्ध्या युनिटचा फरक असेल, तर पार्टीशी ०.३ वरून वाद घालण्यात अर्थ नाही.

३. नेव्ही आणि काळा चुकत असेल, तर शून्य तपासा.
हे आकड्यांतच बघण्यासारखे आहे. रंगाची ताकद मोजायला आपण १९३१ साली मांडलेले कुबेल्का-मुंक यांचे सूत्र वापरतो : एकातून परावर्तन वजा करा, त्याचा वर्ग करा, आणि परावर्तनाच्या दुपटीने भागा. गडद नेव्हीचे परावर्तन २ टक्के असेल, तर उत्तर येते २४.०. यंत्राचे शून्य फक्त ०.२ टक्क्याने वर सरकले, तर परावर्तन २.२ टक्के दिसते आणि उत्तर २१.७ वर येते. ताकद साडेनऊ टक्क्यांनी कमी! संगणक रंग वाढवायला सांगतो आणि लॉट काळपट होऊन बसतो. तेवढीच चूक ६० टक्के परावर्तनाच्या क्रीम शेडमध्ये ताकदीवर जेमतेम १.३ टक्क्यांचा परिणाम करते, म्हणून तिकडे कुणाच्या लक्षातही येत नाही.

कारणे साधी असतात. शून्य घ्यायच्या ब्लॅक ट्रॅपमध्ये धूळ बसलेली असते किंवा यंत्रातल्या प्रकाश पसरवणाऱ्या गोलाच्या आत कापसाची लव पडलेली असते. ट्रॅप हवेच्या फुग्याने साफ करा आणि शून्य पुन्हा घ्या. गोलाच्या आतल्या पांढऱ्या लेपाला मात्र बोट लावू नका.

४. फिक्या शेड एकाच बाजूला सरकत असतील, तर पांढरी टाइल बघा.
प्रत्येक टाइलची मूल्ये तिच्या क्रमांकाशी बांधलेली असतात. एका यंत्राची टाइल दुसऱ्याला चालत नाही. तिच्यावर बोटांचे तेल किंवा डाईची भुकटी असेल, तर ती पांढरी दिसली तरी कॅलिब्रेशन बिघडते. जुन्या यंत्रात गोलाचा लेपही पिवळा पडतो. कॅलिब्रेशन ते बहुतांशी सांभाळून घेते, पण निळ्या टोकाला प्रकाश कमी पडतो आणि रीडिंग डळमळू लागते. तसे दिसले की सर्व्हिसवाल्यांना बोलवा.

५. करडा बरोबर आणि केशरी चूक, म्हणजे संशय तरंगलांबीवर.
केशरी रंगाचे परावर्तन ५७० नॅनोमीटरला १० टक्के आणि ६०० ला ६० टक्के असे चढत असेल, तर दर नॅनोमीटरला दीडपेक्षा जास्त टक्क्यांची चढण झाली. यंत्राची मोजपट्टी एकच नॅनोमीटर सरकली, तरी त्या चढणीवरचे प्रत्येक रीडिंग तेवढ्याने चुकते. करड्या रंगाचा आलेख सपाट असल्याने त्याला काहीच होत नाही. तपासणीसाठी होल्मियम ऑक्साइडची काच किंवा पाऱ्याच्या दिव्याची ५४६.१ नॅनोमीटरची रेषा वापरतात. मोजपट्टी परत जागेवर आणणे हे इंजिनियरचे काम आहे, पण संशय कुठे घ्यायचा हे आपल्याला कळायला हवे.

इथे एक सावधगिरी बाळगा. तपासणीच्या सिरॅमिक टाइलमधल्या लाल, केशरी आणि पिवळ्या टाइल तापमानानुसार स्वतःच रंग बदलतात. मे महिन्यातले रीडिंग डिसेंबरशी ताडायचे, तर खोलीचे तापमान शेजारी लिहिलेले हवे. नाहीतर टाइलचा बदल यंत्राच्या माथी मारला जाईल.

६. पांढऱ्याशुभ्र कापडाला अतिनील प्रकाशाचा हिशेब लागतो.
ब्राइटनर अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून निळ्या भागात रीडिंग शंभर टक्क्यांच्या वर जाते. यंत्राच्या दिव्यात अतिनील भाग किती आहे, त्यावर शुभ्रतेचा आकडा ठरतो, आणि झेनॉन दिवा जुना होत जातो तसे हे प्रमाण बदलते. साध्या पांढऱ्या टाइलने ही चूक सापडत नाही. त्यासाठी फ्लुरोसंट प्रमाण नमुना ठेवून अतिनील फिल्टर जुळवावा लागतो. तो नमुना प्रकाशात राहिला की स्वतःच उतरतो, म्हणून काळ्या पाकिटात ठेवा.

७. दोन यंत्रांचे भांडण सोडवण्याआधी सेटिंग जुळवा.
निरीक्षक १९३१ चा २ अंशांचा की १९६४ चा १० अंशांचा? प्रकाश डी६५ की टीएल८४? चमक धरून मोजले की वगळून? सीएमसी २:१ की सीआयई लॅब? सॅटिनसारख्या चमकदार कापडात चमक धरणे-वगळणे एवढ्यानेच निकाल फिरतो. एकाकडे गोलाचे यंत्र आणि दुसऱ्याकडे ४५/० भूमितीचे असेल, तर आकडे जुळतील ही अपेक्षाच सोडा.

८. गणिताने दुरुस्ती होते, पण तिला हद्द आहे.
कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले ॲलन रॉबर्टसन यांनी १९८७ मध्ये आणि रॉय बर्न्स व केल्विन पीटरसन यांनी १९८८ मध्ये याची पद्धत मांडली. मूल्ये माहीत असलेल्या टाइल मोजायच्या, येणारा फरक शून्याची चूक, पांढऱ्याची चूक, तरंगलांबीची चूक आणि पट्ट्याच्या रुंदीची चूक असा वाटून घ्यायचा, आणि मग प्रत्येक रीडिंगमधून तो वजा करायचा. दोन गावांतली यंत्रे जवळ आणायला ही पद्धत फार उपयोगी आहे. पण ओले कापड, ब्राइटनर किंवा वेगळी भूमिती यांवर तिचा इलाज चालत नाही. मळलेल्या टाइलवर बेतलेली दुरुस्ती तर नवी चूक पक्की करून ठेवते. आधी सफाई, मग सर्व्हिस आणि शेवटी गणित, हा क्रम बदलू नका.

९. रोज सकाळची वही ठेवा.
कॅलिब्रेशननंतर हिरवी टाइल मोजून फरक, तापमान आणि तारीख लिहा. आकडा एका रात्रीत उडाला, तर घाण किंवा धक्का लागलेली टाइल शोधा. तो महिनोन्‌महिने एकाच दिशेने सरकत असेल, तर दिवा किंवा लेप म्हातारा होतो आहे. हा फरक वहीशिवाय कळत नाही.

चुकीच्या रीडिंगवर फेटाळलेला लॉट स्ट्रिप करून पुन्हा रंगवावा लागतो. पाणी, मीठ आणि वाफ दुप्पट लागते आणि सांडपाणीही दुप्पट होते. पंचगंगेच्या काठच्या गावाला ते परवडणारे नाही. म्हणून ड्रॉवरच्या अंधारात तीन टिकाऊ नमुने कायम ठेवा : गडद नेव्ही, फिका क्रीम आणि भडक केशरी. शंका आली की रेसिपीला हात लावण्याआधी हे तिन्ही मोजा. फक्त नेव्ही सरकला तर शून्य, क्रीमही सरकला तर पांढरी टाइल, एकटा केशरी सरकला तर आधी खोलीचे तापमान आणि मग तरंगलांबी. तिन्ही जागच्या जागी असतील, तर यंत्राला दोष देऊ नका. कापड थंड करा, नीट घडी घाला आणि पुन्हा मोजा.